नकोसं काम प्रभूसाठी कसं करावं

हिंजवडीच्या ऑफिसात महिनाअखेरीला व्हेंडरांची बिलं जुळवायचं काम कुणालाच नको असतं. ते अंगावर आलं की लगेच फाईल उघडू नका. आधी चिठ्ठीवर लिहा: हे बिल रखडलं तर कुणाचे पैसे अडतील? 'कँटीनला पोळ्या पुरवणाऱ्या मावशींचे' असं नेमकं उत्तर हवं. त्यांच्यासाठी अर्धं मिनिट प्रार्थना करा, फोन बाजूला ठेवा आणि सलग 25 मिनिटं बसा. नुसतं 'देवाच्या गौरवासाठी' असं मोघम लिहिलं तर दहाव्या बिलाला मन उडतं. डोळ्यांसमोर माणूस असला की टिकतं.

काम माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असं बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र 3:23 (अध्याय 3, वचन 23) सांगतं. हे मुळात दासांना लिहिलंय, ज्यांना काम निवडायची मुभाच नव्हती. म्हणूनच ते इथे थेट लागू पडतं. पण त्याच पत्रात 4:1 मध्ये धन्यांनाही न्यायाने वागायला बजावलंय, आणि नेमकं तेच विसरलं जातं. खोटी तारीख टाकायला सांगितली तर सरळ नकार द्या. सगळ्यांची बिलं तुमच्याच गळ्यात पडत असतील तर 'हा माझा वधस्तंभ', म्हणजे देवाने दिलेलं ओझं, म्हणत गप्प बसू नका, मॅनेजरशी बोला. जाताना गेल्या महिन्यात कुणी किती बिलं केली याची यादी सोबत न्या.