एकाच संगणकावर एकाच व्यक्तीला प्रवेश नाकारला जात असेल तर

फोंड्यातील एखाद्या छोट्या कार्यालयात विंडोजच्या डोमेनवर (म्हणजे एकाच सर्व्हरवरून सर्वांची खाती सांभाळणाऱ्या जाळ्यावर) दहा-बारा संगणक असतील आणि त्यांपैकी एकावरच, एकाच कर्मचाऱ्याला हिशेबाचा प्रोग्राम उघडताना ‘अधिकार नाही’ असा संदेश येत असेल, तर सर्व्हरला हात लावण्याआधी अदलाबदल करून पाहावी. त्या कर्मचाऱ्याला शेजारच्या संगणकावर लॉगिन करू द्यावे आणि त्याच्या संगणकावर दुसऱ्याला बसवावे. दोघांनाही अडचण आली नाही, तर खाते आणि यंत्र दोन्ही ठीक असून दोष बहुधा त्या यंत्रावरील त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तिथे साठवलेल्या त्याच्या वैयक्तिक सेटिंग्ज व फायलींमध्ये आहे.

माझ्या मते पहिला संशय साठवलेल्या जुन्या पासवर्डवर घ्यावा, कारण पासवर्ड बदलल्यानंतरही कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत) जुनी नोंद राहते आणि विंडोज मुकाट्याने तीच सर्व्हरकडे पाठवत राहते. त्या कर्मचाऱ्याच्याच लॉगिनमध्ये जाऊन त्या सर्व्हरची नोंद काढावी, लॉग ऑफ करून पुन्हा यावे व नवा पासवर्ड द्यावा. नुसती स्क्रीन लॉक करून भागत नाही.

त्या यंत्रावर सर्वांनाच अडचण येत असेल, तर मात्र संगणकाचे घड्याळ पाहावे. डोमेनवर ओळख पटवण्याच्या कर्बेरोस पद्धतीत संगणक व सर्व्हर यांच्या वेळेत साधारणपणे 5 मिनिटांहून अधिक फरक चालत नाही आणि मदरबोर्डवरील बॅटरी संपली असेल, तर पावसाळ्यात वीज गेल्यावर वेळ हमखास मागे पडते.

अडचण त्या एकालाच असून जुन्या पासवर्डची नोंद काढूनही फरक पडला नाही, तर डेस्कटॉप व डॉक्युमेंट्सची प्रत घेऊन नवे प्रोफाइल तयार करावे.