चाळीस खाटा, दोन सिस्टर: ओव्हर कशी द्यावी, कशी घ्यावी

मुंबईत महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला ४० खाटा असल्या, तरी पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू झाला की खाली गाद्या पडतात. स्टाफ तेवढाच राहतो. अशा वॉर्डात गफलतीला सगळ्यात जास्त वाव असतो तो ड्यूटी बदलतानाच्या अर्ध्या तासात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांत ओव्हर, म्हणजे जाणाऱ्या ड्यूटीने येणाऱ्या ड्यूटीला पेशंटची माहिती सोपवणं, हा एक होता.

पहिला नियम म्हणजे ओव्हर टेबलापाशी बसून द्यायची नाही, खाटेपाशी उभं राहून द्यायची. वही वाचून दाखवली की वहीत असलेलंच कळतं, आणि हात सुजलाय, ड्रिप बाहेर चाललीय हे वहीत नसतं. ‘एवढ्या पेशंटना वेळ कुठून आणायचा?’ याचं उत्तर सरसकट फेरी न मारण्यात आहे. आधी सिरीयस पेशंट घ्या. सहा सिरीयस असतील तर प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे १२. उरलेल्या ३४ जणांना प्रत्येकी २० सेकंद: नाव, आजार, काय राहिलंय. सगळं मिळून २३-२४ मिनिटं होतात.

सिरीयस पेशंटच्या खाटेपाशी घेणाऱ्या सिस्टरने बाटलीपासून हातापर्यंत नळीवर बोट फिरवायचं. बाटलीवर लेबल आहे का, त्यात काय घातलंय, किती वाजता लावली, थेंब किती, सुईची जागा लाल किंवा गरम आहे का. ५०० एमएल ६ तासांत द्यायची असेल तर तासाला ८३ एमएल होतात. २० थेंबांना एक एमएल देणाऱ्या सेटवर ते मिनिटाला २८ थेंब, ६० थेंबांना एक एमएल देणाऱ्या मायक्रो सेटवर ८३. सेट बदलला आणि थेंब तेच ठेवले की सगळं चुकतं. बीपी वाढवणारं औषध पंपावर असेल तर नुसतं ‘नॉरअॅड चालू आहे’ म्हणू नये. ‘तासाला ६ एमएल, सिरिंजमध्ये १२ उरलेत, दोन तासांत संपेल, दुसरी भरून ठेवलीय’ असं सांगावं. सिरिंज ओव्हरच्या वेळेत संपणार असेल तर जाणाऱ्यानेच बदलून जावं.

केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, १० एमएलची अँप्युल २० मिलिइक्विव्हॅलंटची असते. ती कधीही थेट शिरेत द्यायची नाही, आणि हाताच्या शिरेतून वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर न्यायचा नाही. टांगलेल्या बाटलीत वरून टोचली आणि हलवली नाही तर ती तळाशी बसते आणि पहिल्या काही मिनिटांतच बरीचशी पेशंटच्या अंगात जाते. बाटली काढून, औषध घालून, चार-पाच वेळा उलटीपालटी करून मगच टांगा.

इन्सुलिनचं तसंच. एमएलला ४० युनिटची व्हायल लाल टोपीच्या सिरिंजने, १०० ची नारिंगी टोपीच्या. १०० च्या व्हायलमधून लाल टोपीने १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला २५ युनिट जातात. उलट केलं तर ४ च. चार्टवर युनिटसाठी इंग्रजी ‘U’ लिहू नका, घाईत त्याचं शून्य दिसतं. ‘युनिट’ पूर्ण लिहा.

औषध दिलं की सही तिथेच करा. ‘मागाहून एकदम करते’ म्हणून ठेवलेल्या सह्यांमुळे पुढची ड्यूटी तोच डोस पुन्हा देते. दिलं नसेल तर का नाही, तेही लिहा. सॅम्पल पाठवलं असेल तर किती वाजता आणि रिपोर्टच्या मागे कोण लागणार, हे नाव घेऊन ठरवा. ‘रिपोर्ट यायचाय’ एवढ्यावर सोडलं की तो कुणाचाच राहत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे ओव्हर नव्हे, आणि पेशंटचे कागद तिथे जाऊही नयेत.

शेवटी घेणाऱ्या सिस्टरने सिरीयस पेशंटचं ऐकलेलं थोडक्यात परत म्हणावं. हा भाग सगळ्यात आधी गाळला जातो, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे.

डॉक्टरांना फोन करताना

रात्री एकाच रेसिडेंट डॉक्टरकडे तीन वॉर्ड असतात. ‘सर, बेड १७ बरं नाही’ म्हटलं की उत्तर येतं ‘येतो’. त्यापेक्षा असं:

‘सर, वॉर्ड १२ मधून स्टाफ बोलतेय. बेड १७ साठी तुम्ही १० मिनिटांत यायला हवं. काका ६२ वर्षांचे, न्यूमोनिया, तिसरा दिवस. चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९४ होतं, आता ८८. श्वास ३२, पल्स १२४, बीपी ९६/६०. वजन ६० किलो, चार तासांत लघवी ६० एमएल. एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) तयारी करून ठेवते. तोवर ऑक्सिजन वाढवू का?’

मागणी आधी, आकडे नंतर. लघवी किलोमागे तासाला अर्धा एमएल तरी हवी, म्हणजे इथे १२० हवी होती. कोणी आलं नाही तर १० मिनिटांनी पुन्हा फोन, मग रजिस्ट्रार, मग युनिटचे ऑन-कॉल सर. प्रत्येक फोनची वेळ आणि नाव नोट्समध्ये टाका. याला तक्रार समजणारे भेटतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवा. वॉर्डात कोणी मराठी, कोणी मल्याळी, कोणी हिंदी बोलणारं. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे बोला: ‘सहा, शून्य’. ऑर्डर पटत नसेल तर ‘नक्की ना सर?’ विचारून उपयोग नाही, उत्तर ‘हो’च येतं. कारण पुढे ठेवा: ‘पोटॅशियम ५.८ आलंय, तरी केसीएल चालू ठेवायचं का?’

मावशी आणि वॉर्डबॉय ओव्हरमध्ये हवेत

युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, मावशी रिकामी करतात आणि चार्ट सिस्टर भरते, तिथेच आउटपुटचा, म्हणजे लघवीचा, हिशोब बिघडतो. मापाच्या खुणांचं भांडं ठरवून द्या आणि मोजल्याशिवाय ओतायचं नाही असं सांगा. ट्रॉलीवरून एक्स-रेला नेताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवतात, मग लघवी उलटी मूत्राशयात जाते. नेण्याआधी रिकामी करा आणि खालच्या पातळीवर लटकवा. कूस दर दोन तासांनी बदलायची तर कोणत्या कुशीवर कधी ठेवलं ते खाटेच्या कागदावर लिहा, नाहीतर दोन्ही ड्यूट्या त्याच कुशीवर ठेवतात. केईएम हॉस्पिटलात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांची ४१ वर्षांहून अधिक काळ जी शुश्रूषा झाली, ती अशीच एका ड्यूटीकडून दुसरीकडे जात राहिली.

नातेवाइकांपैकी एकालाच माहिती द्या आणि त्याचं नाव केस पेपरवर लिहा. वाईट बातमी डॉक्टरांनी सांगायची, सिस्टरने एकटीने नाही. आवाज चढायला लागला की सिक्युरिटीला तेव्हाच बोलवा आणि दाराची बाजू मोकळी ठेवून उभ्या राहा. मारहाण झाली तर २०१० चा राज्याचा कायदा नर्सनाही लागू आहे.

रुळांवर पाणी आलं, लोकल थांबली आणि रिलीव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारी सिस्टर, ठाण्याला अडकली तर आधी इनचार्ज आणि मेट्रन ऑफिसला कळवा. कोणाला ओव्हर न देता वॉर्ड सोडता येत नाही. डबल ड्यूटी पडलीच तर इन्सुलिन, हेपरिन, केसीएल दुसऱ्या स्टाफला दाखवूनच द्या, ती शेजारच्या वॉर्डातली असली तरी चालेल. नार्कोटिकच्या कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून निघू नका. दोघींनी मिळून अँप्युल मोजायच्या, फुटलेल्याही धरून, रजिस्टरवर दोघींच्या सह्या आणि वेळ टाकायची, मग किल्ली हातात द्यायची.