कार सीटचा दंड झालेल्या पालकांचा वर्ग कसा घ्यावा

कॅलिफोर्नियात मुलाला योग्य कार सीटशिवाय (गाडीच्या आसनावर बांधायचं लहान मुलांचं सुरक्षा-आसन) गाडीतून नेलं, तर पहिल्या वेळी मूळ दंड १०० डॉलर आणि पुन्हा सापडल्यास २५० डॉलर होतो. त्यावर कोर्टाचे अधिभार चढतात आणि भरायची रक्कम कितीतरी वाढते. पण पैसे भरून घरी गेलेल्या पालकाची सीट दुसऱ्या दिवशीही तेवढीच सैल असते. कायद्यात यावर एक वाट ठेवलेली आहे. पालकाची आर्थिक ओढाताण कोर्टाला पटली, तर दंड कमी किंवा माफ करून त्याला कार सीटच्या शिक्षणवर्गाला पाठवता येतं. वर्ग पूर्ण केल्याचा पुरावा पालकाने कोर्टात द्यायचा असतो. असा वर्ग उभा करायचा असेल तर सुरुवात पालकांपासून नव्हे, कोर्टापासून करा.

आधी वाहतूक खटले बघणाऱ्या कोर्टाच्या क्लार्कला भेटा आणि एकच पान द्या. जाडजूड फाइल कोणी उघडत नाही. त्या पानावर वर्गाचे दिवस, भाषा आणि प्रमाणपत्रात काय लिहिलेलं असेल ते द्या. खाली नियम मोजक्या ओळींत मांडा. २ वर्षांखालचं मूल मागे तोंड करून बसवायचं, त्याचं वजन ४० पौंड (१८ किलो) किंवा उंची ४० इंच (१०२ सेंमी) झाली असेल तरच सूट. ८ वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर, कार सीटमध्ये किंवा बूस्टरवर (गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक). ४ फूट ९ इंच (१४५ सेंमी) उंची झाली असेल तर ८ च्या आतही गाडीचा नुसता पट्टा चालतो. ‘पट्टा लावला होता ना!’ हा बचाव कोर्टात वारंवार ऐकू येतो, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला नुसता पट्टा का पुरत नाही ते दोन वाक्यांत लिहा: कमरेचा पट्टा मांडीऐवजी पोटावर चढतो आणि धक्का बसला की आतड्यांना व कण्याला इजा करतो.

पालकांना बोलावताना गाडी, सीट आणि दोन्हींची माहितीपुस्तकं आणायला सांगा. मूल सोबत असेल तर उत्तमच, कारण अंदाजाने सांगितलेलं वजन बहुधा चुकतं. वजनकाटा आणि टेप जवळ ठेवा. शिकवणाऱ्याकडे बालप्रवासी सुरक्षा तंत्रज्ञाचं चालू प्रमाणपत्र हवं. दोघे शिकवणारे असतील तर आठ-दहा कुटुंबांपेक्षा जास्त घेऊ नका.

कायद्याला अर्धा तास पुरतो. बाकीचा वेळ पार्किंगमध्ये घालवा. इथे एकच नियम पाळा: सीट पालकानेच बसवायची, तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही बसवून दिलेली सीट पहिल्यांदा धुवायला काढली की पुन्हा चुकीचीच बसते.

आधी सीटचं लेबल बघा. उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, वजन-उंचीच्या मर्यादा. सीट जुनी घेतलेली असेल आणि ती अपघातातून गेली होती का हे सांगता येत नसेल, तर ती वापरू नका. मग जोडणी. गाडीचा पट्टा किंवा लॅचचे (पट्ट्याशिवाय सीट थेट गाडीला अडकवायची सोय) खालचे हूक, यांपैकी एकच वापरायचं. पुस्तकात स्पष्ट परवानगी असेल तरच दोन्ही. दुप्पट बांधलं की दुप्पट सुरक्षित, हा समज मोडायला थोडा वेळ लागतो. हूकना वजनाची मर्यादाही असते. मूल वाढलं की सीट हूकऐवजी गाडीच्या पट्ट्याने बांधावी लागते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बऱ्याच गाड्यांत पट्टा हळूहळू शेवटपर्यंत ओढला की आत जाताना टकटक करत अडकतो. हे केलं नाही तर पट्टा घट्ट वाटतो, पण पहिल्या वळणावरच ढिला पडतो. पट्टा घट्ट करताना सीटवर गुडघा किंवा तळहात दाबून धरा. नंतर पट्टा जिथून जातो तिथेच धरून हलवा: एका इंचापेक्षा (२.५ सेंमी) जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे थोडी हालचाल होणारच. पुढे तोंड केलेल्या सीटचा वरचा टेदर, म्हणजे सीटचं वरचं टोक गाडीला बांधणारी पट्टी, मात्र हमखास विसरला जातो. तो लावला की धडकेत मुलाचं डोकं कमी पुढे जातं.

हार्नेसच्या, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणाऱ्या, पट्ट्या मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा खाली, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा वर. खांद्यापाशी चिमटीत पट्टी धरून पाहा, घडी पकडता आली तर सैल आहे. चेस्ट क्लिप, म्हणजे छातीवर दोन्ही पट्ट्या जोडणारा चाप, काखेच्या रेषेत. जाड जॅकेट काढूनच बांधायचं, कारण धडकेत त्यातली हवा दबते आणि पट्टी सैल होते. आणि चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट कधीही नाही.

ज्यांच्याकडे सीटच नाही, त्यांच्यासाठी आधीच स्थानिक आरोग्य खात्याशी बोलून ठेवा. या दंडाचा ६० टक्के भाग त्या खात्यांना स्वस्तात किंवा उसनी सीट देण्याच्या योजनांसाठी मिळतो. नुसती खरेदीची पावती दाखवून ‘घेतली आहे’ म्हणणाऱ्याची सीट अनेकदा अजून खोक्यातच असते.

प्रमाणपत्रावर खटला क्रमांक, पालकाचं नाव, वर्गाची तारीख व तास, मुलाचं वय-वजन-उंची, सीटचा मॉडेल क्रमांक आणि ‘पालकाने स्वतः बसवून दाखवली’ ही ओळ असू द्या. ‘उपस्थित होते’ एवढंच लिहिलेला कागद कोर्टाला काही सांगत नाही. बसवता आली नसेल तर सही करू नका, पुढच्या वर्गाला बोलवा. फक्त कोर्टाने दिलेली मुदत आधी विचारून घ्या, आणि दंड माफ होईलच असं आश्वासन कोणालाही देऊ नका. तो निर्णय न्यायाधीशांचा.