वाचनालयातल्या सर्जनशील उपक्रमासाठी अनुदान: अर्जाआधी एक सत्र कागदावर मांडा

अनुदानाचे बरेच अर्ज उलट्या टोकाकडून भरले जातात. आधी योजनेची कमाल रक्कम पाहायची, मग तेवढ्यात बसेल असा कार्यक्रम शोधायचा आणि आकडे शेवटच्या रात्री जुळवायचे. मग मजकुरात जे घडणार म्हणून लिहिलं ते अंदाजपत्रकात सापडत नाही, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं. म्हणून अर्ज बाजूला ठेवा आणि एकच सत्र कागदावर मांडा. टेबलावर काय असेल? किती जण बसतील? दोन तासांत त्यांच्या हातून काय होईल?

समजा, आठ सत्रांत २० जण स्वतःची गोष्ट लिहून तिची शिवलेली पुस्तिका करणार आहेत. शिवणीच्या सत्रात ए-फोर आकाराचे ४ कागद मधोमध दुमडले की १६ पानं होतात. कव्हरला एक जाड कागद आणि शिवायला पुस्तिकेच्या घडीच्या, म्हणजे पाठीच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे ६३ सेंटिमीटर दोरा लागतो. २० जणांचे कागद होतात ८०, पण अंदाजपत्रकात ९६ धरा. दाभण पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाचं भोक घडीवर न पडता बाजूला पडतं आणि चारही कागद वाया जातात. दाभणं चौघांत एक म्हणजे ५, बोथट सुई मात्र प्रत्येकाला एक. दाभणाखाली जाड पुठ्ठा हवाच, नाहीतर भोकं वाचनकक्षाच्या टेबलाला पडतील. ‘साहित्य, एकरकमी’ असं लिहिलेल्या ओळीला कात्री लावणं सोपं असतं. २० टक्के जादा कागद का, हे एका वाक्यात सांगितलं असेल तर त्या आकड्याला आधार मिळतो.

साहित्यापेक्षा जास्त विसरला जातो तो वेळ. दोन तासांच्या सत्राआधी मांडामांडीला ४५ मिनिटं आणि नंतर आवराआवरीला ३० मिनिटं धरली, तर आठ सत्रांत दहा तास वाढतात. १६ तासांचा कार्यक्रम म्हणजे एका कर्मचाऱ्याचे २६ तास. हे दहा तास अर्जात नसले की ते कुणाच्या तरी सुट्टीतून जातात आणि पाचव्या सत्रापर्यंत उत्साह संपतो. मार्गदर्शक कलाकाराच्या तयारीचाही मोबदला धरा. खर्च कमी दिसावा म्हणून त्याला ‘विनामूल्य’ दाखवू नका. पैसे देणारं दुसरं काम आलं की तो अर्ध्यातून जाईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

संस्थेचा वाटा मागितला असेल तर सभागृह आणि कर्मचाऱ्यांचे तास वस्तुरूप योगदान, म्हणजे पैशांऐवजी दिलेला वाटा, म्हणून चालतात का ते नियमांत पाहा. चालत असतील तर तासांची सहीनिशी नोंद ठेवा. मात्र तेच तास अनुदानातूनही मागितले, तर तो दुहेरी दावा ठरतो.

आता योजनेच्या अटी. पहिली गोष्ट, वाचनालय स्वतःच्या नावाने पैसे घेऊ शकतं का? ते एखाद्या मोठ्या संस्थेचा भाग असेल तर अर्जावर सही कुणाची, खातं कुणाचं आणि ठराव लागतो का, हे आधी विचारा. मुदत अनेकदा याच ठरावापायी हुकते. दुसरी गोष्ट, रक्कम आगाऊ मिळते की खर्चानंतर प्रतिपूर्ती होते? प्रतिपूर्ती असेल तर मधले काही महिने स्वतःच्या शिल्लकेतून काढावे लागतील. तेवढी शिल्लक नसेल तर छोटा उपक्रम मागणं शहाणपणाचं. मंजुरीपत्राच्या तारखेआधी केलेला खर्च बहुधा धरला जात नाही, तेव्हा ‘मिळणारच आहे’ म्हणून कागद आणून ठेवू नका.

‘वाचनसंस्कृती वाढेल’ हे मोजता येत नाही. त्याऐवजी लिहा: २० पैकी १५ जण शेवटच्या सत्रापर्यंत टिकतील, १२ पुस्तिका पूर्ण होतील, त्यांना वाचनालयाच्या संग्रहातला दाखल क्रमांक मिळेल आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या किती वेळा वाचायला नेल्या गेल्या ते देवघेव नोंदीवरून कळवू. वाचनालयाकडे हे मोजमाप तयारच असतं, आणि आपलं लिखाण कपाटात इतर पुस्तकांशेजारी उभं राहणं ही लिहिणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. कार्यक्रम मोफत असेल तर नाव नोंदवलेले सगळे येत नाहीत. २० जागांना २६ नावं घ्या आणि जास्त आले तर बसवायची सोय ठेवा.

पुस्तिका संग्रहात ठेवायची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घ्या. लेखनाचा हक्क लेखकाकडेच राहतो, हे त्या कागदावर स्पष्ट असू द्या. मुलं असतील तर छायाचित्रांसाठी पालकांची सही हवी. शेवटच्या सत्रानंतर या सह्या गोळा होत नाहीत आणि अहवाल त्यांच्यासाठी अडून राहतो.

पैसे आल्यावर अनुदानाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. बिलाची प्रत त्याच दिवशी काढा, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. खर्चाच्या एका शीर्षातली रक्कम दुसरीकडे वळवायची असेल तर खर्चाआधी लेखी परवानगी मागा. अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या आणि ते सत्राच्या त्याच कागदाला जोडून ठेवा. पुढचा अर्ज तिथूनच सुरू होईल.