कयाक खाडीत घालण्याआधी

सगळ्यात आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. बाकी सामान नंतर. मागच्या खेपेला मी हवामान तीनदा पाहिलं, डबा भरला, टोपी घेतली, आणि भरतीचं वेळापत्रक तेवढं उघडलंच नाही. सकाळी ८ वाजता खाडी काठोकाठ भरलेली, पाणी हलतसुद्धा नव्हतं. ते पाहून बरं वाटलं. भरती पूर्ण झाली आहे, आता पाणी उतरणार, हे त्याच वेळी कळायला हवं होतं. नदीतून एका अरुंद फाट्यात शिरलो, पक्षी बघत रेंगाळलो. १२ वाजता परत फिरतोय तर पुढे नुसता गाळ. कयाक तरंगेल एवढं पाणी परत चढायला ४ वाजले. प्यायचं पाणी २ वाजताच संपलं होतं.

म्हणून वेळ बघा, आणि तारीख तपासून बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. गेल्या रविवारी ८ वाजता भरती होती म्हणून या रविवारीही असेल असं धरून निघालात, तर साधारण त्याच वेळेला ओहोटी समोर येईल! शिवाय पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा जातो, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी निघून जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा हे आणखी जोरात. निवांत फिरायचं तर अष्टमीच्या सुमारासची भांगाची भरती बरी, ओढ कमी असते.

वेळापत्रकातली वेळ बंदराची किंवा खाडीच्या मुखाची असते. आत नदीत भरती उशिरा पोहोचते. किती उशिरा, ते तिथे रोज होडी घालणाऱ्यांना विचारा. अंदाज बांधू नका.

वेळ कळली की बेत सोपा होतो: चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, भरती पूर्ण व्हायच्या सुमारास वळायचं, उतरत्या पाण्याबरोबर लवकर परत यायचं. रमतगमत वल्हवलं तर तासाला ४-५ किलोमीटर होतात. समोरून तासाला ३ किलोमीटरची ओढ असेल तर हाती काय राहतं ते बघा. चिंचोळ्या फाट्यात भरती पूर्ण झाल्यावर शिरूच नका. आणि परतायची वेळ फोनमध्ये गजर लावून ठेवा, कारण पाण्यावर वेळेचं भान राहत नाही. मला राहिलं नाही.

तरीही अडकलात तर कयाकमधून उतरू नका. गाळ वरून टणक दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत जातो. पाय रुतलाच तर खेचाखेच न करता कयाकवर आडवं पडून वजन पसरा आणि पाय हळूहळू सोडवा.

आता सामान. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, पट्टे आवळून. कयाकला बांधून ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर हाती लागत नाही. त्यालाच शिट्टी अडकवा. कयाकच्या बुडाशी पाणी काढायचं बूच असतं, ते घट्ट आहे ना बघा. पिण्याचं पाणी लागेल त्याच्या दुप्पट. का ते वर सांगितलं आहे. फोन ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, आणि बॅग कयाकला बांधलेली. टोपी, पूर्ण बाह्या, कारण पाण्यावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं. पायात घट्ट बसणारे बूट, चपला नकोत, गाळ त्या ठेवून घेतो.

वाऱ्याची दिशाही बघा. वारा आणि ओढ समोरासमोर आले की शांत खाडीतही लाटा उठतात.

घरी कुणाला तरी कुठून निघणार, कुठे वळणार आणि किती वाजता परतणार ते सांगून जा. भरतीची वेळही त्यांना लिहून द्या, म्हणजे ती तुमचीही बघून होईल.

परत आल्यावर कयाक गोड्या पाण्याने धुवा, बूच काढून वाळवा. आणि पोहोचलो म्हणून घरी फोन करा, तो आधी.