गुणी पण बेभरवशाच्या हॉकीपटूची पारख कशी करावी

चर्चगेटच्या हॉकी स्टेडियममध्ये वर्षानुवर्षे येणाऱ्या प्रेक्षकांची एक ठरलेली तक्रार असते. तिच्यातला खेळाडू चार-पाच वर्षांनी बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो: मनगटात जादू आहे, पण खेळेल तेव्हा खरे. एका सामन्यात तिघांना चकवून रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, गोल मारतो आणि पुढच्या सामन्यात साधा सरळ आलेला पाससुद्धा त्याच्या स्टिकवरून निसटतो. एका कार्यालयीन संघाच्या लेफ्ट इनबद्दल, म्हणजे डावीकडून आत खेळणाऱ्या फॉरवर्डबद्दल, मीही दोन हंगाम असाच चरफडत होतो. मग एक छोटी वही खिशात ठेवू लागलो आणि त्या वहीतून जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती येथे मांडतो आहे. तिने राग कमी होईलच असे नाही, पण तो योग्य जागी निघेल.

सर्वप्रथम बसण्याची जागा बदलावी. गोल जवळून दिसावा म्हणून बहुतेक जण गोलपोस्टच्या बाजूला गर्दी करतात. त्याऐवजी मध्यरेषेच्या आसपास आणि शक्य तितके वर बसावे, म्हणजे 91.4 मीटर लांबीचे मैदान एका नजरेत येते. सामना 60 मिनिटांचा आणि मैदानावरचे खेळाडू 22, म्हणजे चेंडू सर्वांना अगदी समान वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. आपण ज्या क्षणांवरून खेळाडूला डोक्यावर घेतो किंवा शिव्या घालतो, ते सगळे त्या तीन मिनिटांतले असतात. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे दूरचित्रवाणीवर कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. म्हणून किमान एक क्वार्टर, म्हणजे 15 मिनिटे, चेंडूकडे दुर्लक्ष करून फक्त त्या खेळाडूकडे पाहावे. हे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या खेपेला मला पाच मिनिटेही जमले नव्हते.

वहीत सर्वांत आधी तो मैदानात कधी आला आणि कधी बाहेर गेला, हे घड्याळ पाहून लिहावे. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि फॉरवर्डला तर दर काही मिनिटांनी बाहेर बोलावून दम घेऊ देतात. ‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये कुठे गायब झाला होता?’ असे आपण तावातावाने विचारतो, तेव्हा तो अर्धा वेळ बाकावर पाणी पीत बसलेला असतो. ज्या पिढीने 35 मिनिटांच्या दोन सत्रांतला धनराज पिल्ले यांचा झपाटा पाहिला आहे, तिला हे पचवणे विशेष जड जाते. आमच्या डोळ्यांना ती सवय लागली आणि पुढच्या प्रत्येक फॉरवर्डवर नकळत अन्याय झाला, हे कबूल करायला हवे.

त्यानंतर चेंडू गमावण्याची नोंद करावी, पण ‘किती वेळा गमावला’ एवढीच नको. कुठे गमावला, हे अधिक महत्त्वाचे. प्रतिस्पर्ध्याच्या 23 मीटर रेषेच्या आत दोन बचावपटूंना चकवताना चेंडू गेला, तर ती त्या कौशल्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे; तीच चकवाचकवी आपल्या अर्ध्यात करताना चेंडू गेला, तर तो गुन्हा आहे. माझ्या वहीत पहिल्या प्रकाराला टिंब आणि दुसऱ्याला फुली असते. सर्कलमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बचावपटूच्या पायावर चेंडू लागला की पेनल्टी कॉर्नर मिळतो. असा कॉर्नर मिळवून देणाऱ्याचे नाव गोलफलकावर कधीच लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा रकाना आखावा. ज्या लेफ्ट इनच्या नावाने मी बोटे मोडत होतो, त्याने एका सामन्यात एकही गोल केला नव्हता, पण संघाच्या पाच कॉर्नरपैकी तीन त्याने मिळवले होते. ते पाचही वाया गेले आणि घरी जाताना आम्ही दोष मात्र त्यालाच दिला.

ज्याच्यावर तुमचा राग आहे तो ड्रॅग फ्लिक मारणारा असेल, तर कॉर्नरची पारख निराळी करावी लागते. मागच्या रेषेवर, जवळच्या गोलपोस्टपासून 10 मीटरवर उभा राहून एक जण चेंडू ढकलतो, सर्कलच्या टोकाबाहेर दुसरा तो थांबवतो आणि तिसरा तो ओढत आत आणून गोलच्या दिशेने भिरकावतो. समोरून गोलरक्षकासह पाच जणांचा बचाव असतो. भिरकावणाऱ्याची पावले मोजलेली असतात. चेंडू वीतभर पुढे किंवा मागे थांबला की त्याचा शेवटचा पाय चुकीच्या जागी पडतो आणि फटका बचावपटूच्या पॅडवर जातो. वरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की याने आणखी एक कॉर्नर घालवला. म्हणून कॉर्नर घेताना तीन वेगळ्या खुणा कराव्यात: चेंडू सरळ आणि वेगात आला का, जागच्या जागी थांबला का, आणि या दोन्ही गोष्टी नीट झाल्यावरच फटका कसा गेला. पहिल्या दोन खुणा बिघडलेल्या असतील, तर तो कॉर्नर त्याच्या हिशेबात धरू नये.

टर्फवर, म्हणजे मैदानाच्या कृत्रिम हिरवळीवर, मारलेल्या पाण्याकडेही लक्ष असू द्यावे. ओल्या टर्फवर चेंडू सरकत येतो. मुंबईच्या दुपारच्या उन्हात पाणी उडाले की तो अडखळतो आणि ज्याचा खेळ वेगावर बेतलेला आहे, त्याचा ट्रॅप, म्हणजे स्टिकवर चेंडू थांबवणे, आधी बिघडतो.

एका सामन्यावरून कोणताही निकाल देऊ नये. निदान सहा सामन्यांच्या नोंदी हाती असाव्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी भारत ऑस्ट्रेलियाकडून 7-1 असा हरला, तेव्हा आमच्या कट्ट्याने निम्मा संघ घरी पाठवला होता. त्याच संघाने 5 ऑगस्टला जर्मनीविरुद्ध 3-1 अशा पिछाडीवरून 5-4 असा विजय मिळवला आणि 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आणले.

काही गोष्टी मात्र कितीही कौशल्य असले तरी माफ करू नयेत. चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहणे ही त्यांतली पहिली. चेंडू गमावणे हातून होते, परत धावणे मनावर असते. म्हणून गमावल्यानंतरची पहिली पाच पावले कोणत्या दिशेला पडली, हे न चुकता टिपावे. दुसरी गोष्ट पंचांशी हुज्जत घालून घेतलेले कार्ड. हिरव्या कार्डाने दोन मिनिटे आणि पिवळ्याने किमान पाच मिनिटे संघ दहा जणांवर येतो आणि उरलेल्यांना त्याच्या वाटणीचेही धावावे लागते. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास यांना दुसऱ्या क्वार्टरमध्येच लाल कार्ड मिळाल्यावर भारताने 40 मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनिशी ग्रेट ब्रिटनला 1-1 असे रोखले आणि शूटआउटमध्ये सामना जिंकला, पण ते कार्ड खेळातल्या झटापटीतले होते. शिवाय असा बचाव रोज कोणाला जमत नाही. तोंडाच्या वाफेपायी संघावर ती पाळी आणणाऱ्याची गय करण्याचे कारण नाही.

ओरडण्याबाबत एवढेच सांगेन की चर्चगेटला प्रेक्षक फार नसतात, त्यामुळे तुमचा प्रत्येक शब्द खेळाडूला ऐकू जातो. चेंडू त्याच्याकडे येत असताना गप्प राहावे. बोलायचेच असेल, तर तो परत धावला नाही तेव्हा बोलावे आणि ‘मागे ये’ असे कामाचे बोलावे. त्याच्या घरच्यांचा उद्धार केल्याने ट्रॅप सुधारत नाही.

शेवटची सूचना सर्वांत उपयोगी आहे: सहापैकी दोन सामन्यांत वही अशा माणसाच्या हाती द्यावी, ज्याला तो खेळाडू मुळीच आवडत नाही. माझ्यासोबत बोरिवलीहून येणारे एक काका त्या लेफ्ट इनचे नाव निघाले की मान फिरवायचे. मी त्यांना पेन्सिल दिली. पहिल्या क्वार्टरमध्ये त्यांनी उत्साहाने तीन फुल्या मारल्या. चौथ्या क्वार्टरपर्यंत त्यांत भर पडली नाही, टिंबे मात्र नऊ झाली आणि कॉर्नरच्या रकान्यात दोन खुणा आल्या. परतीच्या लोकलमध्ये त्यांनी वही दोनदा उघडून पाहिली. ‘पोरगा परत धावतो, हे मान्य,’ अंधेरी गेल्यावर ते म्हणाले, ‘पण त्या तीन फुल्या पहिल्या दहा मिनिटांतच का?’ तो प्रश्न मला दोन हंगामांत सुचला नव्हता. आता वहीत सुरुवातीच्या दहा मिनिटांसाठी वेगळे पान असते.