गोधडी-क्विल्टसाठी कापड कापायची साधने कशी निवडावीत

तुकड्यांची गोधडी बहुतेक वेळा शिवताना बिघडत नाही, कापतानाच बिघडते. शिंप्याच्या हिशेबात एक इंच म्हणजे आठ सूत. प्रत्येक चौकोन अर्धा सूत मोठा कापला गेला, तर बारा चौकोनांच्या ओळीत सहा सूत, म्हणजे पाऊण इंच वाढतो. शेजारची ओळ बरोबर असेल तर शिवणी एकमेकींसमोर येत नाहीत, मग ओढून-ताणून शिवावे लागते आणि गोधडीला फुगे येतात. म्हणून साधने निवडताना घाई करू नका.

१. आधी कापड बघा

तुम्ही जुन्या लुगड्यांचे थर देऊन धावदोऱ्याने गोधडी घालणार असाल, तर एक चांगली कात्री पुरते. सुती लुगडे काठाशी छोटी चीर देऊन टरकावले तर ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. आपल्या आज्या हेच करत आल्या आणि ते आजही बरोबर आहे. फक्त फाटलेल्या कडेचे सुटे धागे नंतर छाटून घ्या.

त्याच लुगड्याचे नेमके चौकोन-त्रिकोण हवे असतील तर गोष्ट बदलते. विरलेले सुती कापड पात्याखाली सरकते. त्याला आधी घट्ट खळ द्या, किंचित ओलसर असताना इस्त्री करा आणि मगच कापा. नवे सुती कापड असेल तर आटण्यासाठी आधी धुऊन घ्या.

२. कात्री

शिंपी वापरतात तशी ८ ते १० इंची, वाकड्या दांड्याची कात्री घ्या. दांडी वाकडी असल्यामुळे खालचे पाते टेबलाला टेकून राहते आणि कापड उचलले जात नाही. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन आहे. त्या पुन्हा पुन्हा धार लावून वर्षानुवर्षे वापरता येतात.

दुकानात जाताना मलमलचा एक तुकडा आणि जाड सुती कापडाचा एक तुकडा बरोबर न्या. मलमलचा एकच थर टोकाने कापून बघा. कापड चावले जात असेल तर ती कात्री घेऊ नका. जाड कापडाची चार पदरी घडी करून कापा. वरचा आणि खालचा पदर सारखा कापला गेला पाहिजे. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच कात्री मागावी. तिची पातीच उलट बसवलेली असतात, त्यामुळे कापायची रेषा दिसते. नागमोडी कात्री मात्र जोडकामासाठी नको, तिच्या कडेवरून पाव इंचाची शिवण मोजणे अवघड जाते.

३. पट्टी

माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची खरेदी. सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच असतो, घडी केल्यावर २२. म्हणून ६ × २४ इंचांची पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी घ्या. पुढे सांगितलेल्या रोटरी कटरने, म्हणजे फिरत्या गोल पात्याने, एका फटक्यात पूर्ण घडी कापली जाते. तिच्यावर पाव इंचाच्या आणि ४५ अंशांच्या रेषा हव्यात. शाळेची पातळ प्लास्टिकची पट्टी चालणार नाही, कटरचे पाते तिच्यावर चढते आणि बोट कापते. दोन कंपन्यांच्या पट्ट्या असतील तर एकीवर एक ठेवून रेषा जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर एका गोधडीसाठी एकच वापरा.

४. रोटरी कटर आणि मॅट

पिझ्झा कापायच्या चाकासारखे दिसणारे हे साधन जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणले. सरळ पट्ट्या भरपूर कापायच्या असतील तरच घ्या. १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरची पाती मिळतात. सुरुवातीला ४५ चे घ्या. लहान गोलाईला २८ चे आणि जाड थरांना ६० चे बरे. बोटांचे सांधे दुखत असतील तर दांडी हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कटरला मॅट, म्हणजे कापताना कापडाखाली ठेवायची चटई, लागतेच. काचेवर किंवा लाकडावर पाते लगेच बोथट होते. १८ × २४ इंचांची मॅट घरासाठी पुरते. ती उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, तिच्यावर इस्त्रीही करू नका. एकदा वाकली की ती सरळ होत नाही. मॅटच्या रेषा कापड सरळ मांडायला वापरा, मोजमाप मात्र पट्टीनेच घ्या.

पैसे बेताचे असतील तर आधी कात्री, पट्टी आणि शिंप्याचा खडू घ्या. कटर आणि मॅट नंतर एकत्रच घ्या, एकावाचून दुसरे निरुपयोगी.

५. वापरताना

कटर जमिनीवर बसून चालवू नका, मनगट भरून येते. स्वयंपाकाच्या ओट्याइतक्या उंचीच्या टेबलाशी उभे राहा आणि अंगापासून दूर ढकलत कापा. प्रत्येक काप झाला की पात्याचे झाकण लावा, मग लगेच पुढचा काप घ्यायचा असला तरी. घरात लहान मूल असेल तर यात सूट नाही. ठरावीक अंतराने एखादा धागा न कापलेला राहू लागला तर पात्याला खाच पडली आहे, बहुधा टाचणीवरून गेल्यामुळे.

काढलेले पाते तसेच कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या जुन्या डब्यात साठवा, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करा आणि वर ठळक ‘धारदार पाती’ असे लिहून कचरा नेणाऱ्यांच्या हातात सांगून द्या.